हार घालायचा की नाही, एवढंच ठरवायचंय

या आठवड्याचं पत्र नाशिकच्या सिडकोतल्या एका गणेश मंडळाच्या खजिनदारांचं आहे. पत्र चार पानी होतं, मी थोडक्यात सांगते. मंडळाचं यंदा चाळिसावं वर्ष, म्हणून पाचव्या दिवशीच्या आरतीला टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध नटाला बोलावलं, दीड लाख ॲडव्हान्स दिला, बॅनरसुद्धा छापून आले. आणि गेल्या महिन्यात दोन अभिनेत्रींनी मुलाखतीत सांगितलं की नऊ-दहा वर्षांपूर्वी सेटवर आणि दौऱ्यात हा माणूस त्यांच्याशी घाणेरडं वागला. त्याने सगळं नाकारलंय, कोर्टात खेचतो म्हणालाय. मंडळाच्या ग्रुपवर दोन तट पडले. खजिनदारांनी लिहिलं, "तेव्हा का नाही बोलल्या, आता काम मिळेना म्हणून आठवलं का?" त्यावर ६३ जणांचे अंगठे आले. त्यांची पुतणी मंडळाच्याच ढोल पथकात ताशा वाजवते, ती त्या रात्री ग्रुप सोडून गेली. राखीला घरी आली, भावाला राखी बांधली, आणि काकांशी एक शब्दही न बोलता चप्पल घालून निघाली. पथकातल्या अकरा मुलींनी कळवलंय की तो आला तर आम्ही वाजवणार नाही. वर ग्रुपवर एका तिसऱ्याच मुलीचा फोटो फिरतोय, "अजून एक आहे, ती हीच" म्हणून.

ते विचारतात, "ताई, आरोप सिद्ध झालेले नसताना माणसाला नाही म्हणायचं का? मी एवढं काय वाईट लिहिलं? आणि पोरीशी बोलू कसं?"

दादा,

बाकी सगळं नंतर, आधी तो फोटो काढा. तुम्ही ग्रुपचे ॲडमिन आहात असं लिहिलंय, मग हा पेपर वाचून खाली ठेवायच्या आधी ते काम करा आणि ज्याने टाकला त्याला फोन करून सांगा की पुढे कुणाला पाठवला असशील तर तिथूनही काढ. ती मुलगी कुठे काही बोललेली नाही. ती "ती" आहे की नाही हेही कुणाला माहीत नाही. नसेल तर एका भलत्याच पोरीचं नाव आपण नासवतोय, आणि असेल तर तिने जे जगापासून झाकून ठेवलं ते आपण सिडकोतल्या १८० मोबाईलवर उघडं केलं. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायद्याचं एक वेळ राहू दे, उद्या तुमच्या पुतणीचा फोटो असा कुठल्या ग्रुपवर आला तर तुम्ही काय कराल ते मला माहितीय.

आता तुमचं वाक्य. तेव्हा का नाही बोलल्या.

रागावून नाही सांगत, पण हे वाक्य मी आठ वर्षं इतक्या वेळा ऐकलंय ना की त्याचा आवाज ओळखीचा झालाय. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य होते. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक जण कंपनीच्या बाहेरची. तर ती मी. ओळख पटेल असं काही सांगणार नाही, कायद्यानेही सांगता येत नाही, म्हणून तपशील बदलून सांगते.

तिथे एक सुपरवायझर होते. कंपनीच्या गणपतीत आरतीला त्यांचाच आवाज, कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिली गाडी यांची, किती जणांना यांनी चिकटवलेलं. त्या आवारापुरते ते सेलिब्रिटीच होते म्हणा ना. आणि ठेकेदाराकडच्या एका मुलीने त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली, पाच महिन्यांनी. पहिला प्रश्न काय आला? पाच महिने काय करत होती. कायद्यात तक्रारीला मुदत तीन महिन्यांची आहे आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, म्हणून तरी तिची तक्रार बसली. तिला विचारलं तर म्हणाली, एप्रिलमध्ये ठेका संपतो, तोवर थांबले, आधी बोलले असते तर घरी बसले असते, आईची औषधं कुठून आणायची.

पण मला सांगायचंय ते पुढचं. तक्रार आली त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एक कागद फिरला, "सर देवमाणूस आहेत, आमचा त्यांच्यावर विश्वास आहे," खाली सह्या. शंभराच्या वर सह्या, त्यात बायकाही भरपूर. त्या दिवशी त्या स्टोअररूममध्ये काय झालं हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. तिच्या टेबलावर डबा खायला कुणी बसेनासं झालं. आणि महिन्याभराने सह्या करणाऱ्यांतलीच एक बाई, वयाने माझ्याएवढी, गेटच्या बाहेर रिक्षा स्टँडपाशी माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, मॅडम, माझ्याशीपण तसंच झालेलं, सहा वर्षं झाली. मी म्हटलं, मग सही? तर म्हणाली, कागद टेबलावरून सरकत सरकत आला, सगळे करत होते, मी नाही केली असती तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं ना.

दादा, ते ६३ अंगठे म्हणजे तोच कागद आहे. ज्यांनी अंगठा दिला त्यांचं आपल्याला कळलं, उरलेल्या शंभर-सव्वाशे जणांनी तुमचं वाक्य वाचलं आणि गप्प बसले, त्यात आया आहेत, सुना आहेत, पथकातल्या पोरी आहेत. तो नट तुमचा ग्रुप वाचत नाही. त्या दोघी अभिनेत्रीही वाचत नाहीत. यांनी मात्र वाचलं, आणि आपल्या मंडळात काही झालं तर खजिनदार काका पहिला प्रश्न काय विचारतील हे त्यांना समजलं.

बरं, "तेव्हा का नाही बोलल्या" याला उत्तरही आहे, ते तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर. मालिकेच्या युनिटवर नवीन मुलीचा ट्रॅक महिन्याभरात संपवता येतो, तिला आजारी पाडतात नाहीतर परगावी पाठवतात, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. मुख्य नटावर चॅनलचा पैसा लागलेला असतो. तक्रार करायची तर त्याच प्रोडक्शनच्या समितीकडे, जिथे समिती असेल तिथे. आणि पोलिसांत जायचं तर छेडछाडीची बरीच कलमं अशी आहेत, अश्लील बोलणं, नको ती मागणी करणं, की त्यांत शिक्षा तीन वर्षांपर्यंतचीच, आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला मुदतही जास्तीत जास्त तीन वर्षांचीच. म्हणजे धीर गोळा करेपर्यंत दार बंद. मग उरतं काय, मुलाखत. आपण म्हणतो पोलिसांत जायचं सोडून मुलाखत कसली देतात, आणि पोलिसांत गेल्या तर म्हणतो मुदत संपली आता कसला तमाशा.

केरळात बघा, २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाला त्यानंतर सरकारने सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या परिस्थितीवर न्यायमूर्ती हेमा समिती नेमली, समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला, आणि तो लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. अख्ख्या सरकारला छापील कागद बाहेर काढायला साडेचार वर्षं लागली, आणि आपण बावीस वर्षांच्या एकट्या मुलीला विचारतो की दुसऱ्या दिवशी का नाही बोललीस. पत्रकार प्रिया रमाणींचंही तेच, १९९३ ची छळाची घटना त्यांनी एम. जे. अकबर यांचं नाव घेऊन सांगितली २०१८ मध्ये, तेव्हा अकबर केंद्रात मंत्री होते, त्यांनी आरोप नाकारले, रमाणींवरच बदनामीचा फौजदारी खटला भरला आणि मंत्रिपद सोडलं. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रमाणींना निर्दोष सोडलं आणि स्पष्ट म्हटलं की बाईला आपली तक्रार कितीतरी वर्षांनीही मांडता येते, तिला हव्या त्या व्यासपीठावर. अकबर पुढे हायकोर्टात गेले, पण हे वाक्य निकालात लिहिलं गेलंय.

याचा अर्थ तुमचा नट दोषी आहे असा मी म्हणतेय का? नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. आणि "मला माहीत नाही" हे म्हणायला आपल्याला एवढं जड का जातं हेच कळत नाही, चहाच्या टपरीपासून न्यूज चॅनलपर्यंत सगळ्यांना संध्याकाळच्या आत निकाल हवा असतो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. वडील शेवटचं वर्षभर अंथरुणावर होते, कुणाशी धड बोलायचे नाहीत, आणि रात्री साडेनऊला याचा एपिसोड लागला की हसायचे, तुम्ही दोघं एकत्र हसायचात. मग कालिदास नाट्यगृहात त्याचं नाटक लागलं तेव्हा तुम्ही एकटेच जाऊन आलात, वडिलांच्या नावाने. दादा, मला वाटतं तुम्ही त्या दोघींवर चिडलात ते इथून चिडलात. त्यांनी तुमच्या वडिलांचं हसणं तुमच्याकडून काढून घेतलं असं आतून वाटलं असेल. ते कुणी नाही काढून घेतलं. ते हसू खरं होतं, ते तुमचं आणि वडिलांचं होतं, पडद्यावरचा माणूस खऱ्या आयुष्यात कसाही निघाला तरी ते खोटं होत नाही. पण म्हणून तो माणूस चांगला आहे असंही त्यातून सिद्ध होत नाही. २०१८ मध्ये तनुश्री दत्तांनी नाना पाटेकरांवर २००८ सालच्या शूटिंगबद्दल आरोप केले, नानांनी नाकारले, २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा मिळाला नाही असा रिपोर्ट दिला, आणि २०२५ मध्ये कोर्टाने मुदत उलटल्याचं कारण देऊन दखल घेतली नाही. काय घडलं, घडलं की नाही, यावर मी बोलणार नाही, मला तो अधिकार नाही. पण तेव्हा आपल्या घराघरांत वाद कशावरून झाले आठवतंय? एक जण म्हणायचा, अहो त्यांनी शेतकऱ्यांसाठी नाम फाउंडेशन काढलं. दुसरा म्हणायचा, तिचे पिक्चर कुठे चालतायत. दोन्हींचा त्या दिवशीच्या सेटशी काय संबंध? माणसाचं चांगलं काम त्याच्या बाजूचा पुरावा नाही आणि बाईचं पडलेलं करिअर तिच्या विरोधातला पुरावा नाही, तरी आपण सगळे तासन् तास त्यावरच भांडलो, आमच्या घरीसुद्धा.

आणि हे आजचंही नाही हो. मुंबईत १८६० मध्ये करसनदास मुळजींनी आपल्या पेपरात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर लिहिलं, की भक्तांच्या बायका-मुलींचा गैरफायदा घेतात. जदुनाथजी महाराजांनी ५० हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. तेव्हा महाराजांना मानणाऱ्या भाटिया समाजातल्या मोठ्या लोकांनी ठरवलं की महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकायचं, आणि त्या कटाबद्दल त्यांच्यावरच खटला झाला. डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी माणसं तरीही साक्षीला उभी राहिली, १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. तेव्हा जातीबाहेर टाकत होते, आता ग्रुपमधून काढतात.

तर मुख्य प्रश्न, बोलवायचं की नाही.

तुमचे अध्यक्ष म्हणतात, कोर्टाचा निकाल येईपर्यंत तो निर्दोषच. बरोबर आहे, कोर्टासाठी अगदी बरोबर. कोर्ट माणसाला जेलमध्ये टाकणार असतं म्हणून तिथे पुरावा पक्का लागतो. तुम्ही त्याला जेलमध्ये टाकताय का? तुम्ही त्याला गणपतीसमोर उभं करून, शाल-श्रीफळ देऊन, पोरींना त्याच्यापुढे ढोल वाजवायला लावणार होतात, ते फक्त यंदा करत नाही आहात. सत्कार हा कुणाचा हक्क नसतो. तो नाही केला तर त्याच्यावर अन्याय झाला असं होत नाही. आणि निकालाची वाट बघायची म्हणालात तर अमेरिकेत सिनेनिर्माता हार्वी वाइनस्टीनचं बघा, २०१७ मध्ये बायकांच्या लैंगिक छळाची बातमी आली, २०२० मध्ये न्यूयॉर्कला शिक्षा झाली, २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली, २०२५ मध्ये परत खटला होऊन एका आरोपात परत दोषी. आठ वर्षं. तुमच्या गणपतीला पंधरा दिवस राहिलेत.

माझं मत स्पष्ट सांगते, यंदा बोलावू नका. अकरा मुली वाजवणार नाही म्हणतायत हे मला पुरेसं कारण वाटतं. दोन महिने रोज संध्याकाळी त्या सराव करतायत, बोटांना पट्ट्या बांधून, कमरेला ढोलाच्या दोरीचे वळ, कॉलेज आणि नोकरी सांभाळून, आणि वाकडी बारवपासून मिरवणूक निघते तेव्हा तुमच्या मंडळाचं नाव या पोरींच्या टिपरूने होतं, अर्ध्या तासासाठी येऊन सेल्फी देऊन जाणाऱ्या पाहुण्याने होत नाही.

पण नाही म्हणतानाही नीट म्हणा. ग्रुपवर नाही, बैठक घ्या, कोरम बघा, ठराव लिहा आणि मिनिट्स बुकात सह्या घ्या, मंडळ नोंदणीकृत आहे आणि खजिनदार म्हणून दीड लाखांचा हिशोब शेवटी तुम्हालाच द्यायचाय. ठरावात "नराधम", "विकृत" असला एकही शब्द नको, त्या दोघी खऱ्या की तो खरा असंही नको. "सध्याच्या परिस्थितीत कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे," एवढं बास. त्याच्या मॅनेजरला तेच पत्र, करारात रद्द करण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचून, ॲडव्हान्स परत मागा किंवा पुढच्या तारखेला वळता करा म्हणून विचारा. काही पैसे बुडतील कदाचित, ते बुडाले तर बुडाले. बॅनर फाडू नका, काळं फासू नका, दोन पोरं लगेच तयार होतील फोटो काढायला, त्यांना आवरा. त्याच्या बायकोच्या इन्स्टावर जाऊन जे लोक घाण लिहितायत तेही तितकंच वाईट आहे, तिने आणि तिच्या शाळेतल्या मुलाने काय केलंय? उद्या तो निर्दोष ठरला तर तुम्हाला त्याला फोन करून, या हो यंदा, असं ताठ मानेने म्हणता आलं पाहिजे. म्हणून आज एकही शब्द असा लिहू नका जो तेव्हा गिळावा लागेल.

आरतीला कोण हे पथकाला विचारा. त्या कुणाचं तरी नाव सांगतील, नाहीतर स्वतःच करतील.

आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. पथकात मुली किती, आणि त्यांना काही त्रास झाला तर सांगायचं कुणाला? मंडळाच्या कार्यकारिणीत बायका किती आहेत तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. पथकाला तो समितीचा कायदा थेट लागू होतो की नाही यात पडू नका, दोन समंजस बायकांची नावं आणि नंबर सरावाच्या जागी लावून टाका, रात्री उशिरा सराव सुटला तर कोण कुणाला सोडणार हे ठरवा.

आता पुतणी.

तिला एकटीला गाठून "तुझ्याशी पण काही झालंय का गं" असं विचारू नका, काकूंनाही विचारायला लावू नका. मला माहितीय मनात तेच आलंय, पत्रात ओळीओळीत ती भीती आहे. पण झालं असेल तर ते तिने तिला हवं तेव्हा, हव्या त्या माणसाला सांगायचं. आणि काहीही झालेलं नसलं तरी तिला राग यायला जागा आहे, रागासाठी पुरावा दाखवावा लागत नाही. तिला एवढंच दिसलं की ज्या काकांच्या खांद्यावर बसून तिने लहानपणी मिरवणूक बघितली त्यांना न बघितलेला नट खरा वाटला आणि न बघितलेल्या मुली खोट्या वाटल्या, एका मिनिटात.

माफी आधी ग्रुपवर मागा, कारण बोललात ग्रुपवर. लांबण लावू नका, "माझ्या मनात तसं नव्हतं", "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे तर अजिबात नको. मी लिहीन तर असं लिहीन, "त्या दोघींबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. मला काही माहीत नसताना मी त्यांना खोटं ठरवलं. मी ते मागे घेतो." झालं. खाली कुणी हसायची स्मायली टाकेल, टाकू दे, उत्तर देऊ नका. ६३ अंगठे येणार नाहीत, सातआठ येतील, काही बायका रात्री उशिरा टाकतील.

मग तिच्याकडे जा. सराव साडेआठला सुटतो असं लिहिलंय तुम्ही. मध्ये जाऊ नका, सगळ्यांसमोर तिला अवघड होईल. सुटल्यावर ढोल-ताशे टेम्पोत चढवायला नेहमीच माणसं कमी पडतात, तिथे जाऊन हात लावा. ती काही बोलली तर ऐका, मध्येच "अगं पण" म्हणू नका, हे पन्नाशीच्या माणसाला फार अवघड जातं, तरी नका म्हणू. नाही बोलली तर ढोल चढवून घरी या आणि दुसऱ्या दिवशी परत जा.

ठरावाचा मसुदा झाला की मला पाठवा, मॅनेजरच्या पत्राचाही, मी वाचून देते. आणि फोटो काढलात की नाही ते कळवा.

तुमची,
ताई